वाचकांचे प्रश्न : पिल्लू हाती आलं, म्हणजे आई गेली

गेल्या अंकात मी बोर्निओ बेटावरच्या अनाथ ओरांगउटानांविषयी, म्हणजे लालसर केसांच्या, बिनशेपटीच्या मोठ्या वानरांविषयी, लिहिलं होतं. या बेटाच्या इंडोनेशियातल्या भागाला कालिमंतान म्हणतात. तिथल्या एका पुनर्वसन केंद्रात मी पशुवैद्य म्हणून काम केलं, त्या दिवसांची ती हकिगत. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत ‘किती गोड!’ एवढाच मजकूर आहे. त्या पत्रांबद्दल आभार, पण उत्तरं देते आहे ती उरलेल्या निम्म्यांना. काही पत्रं भांडायला आली आहेत, ती मुद्दाम आधी घेतली.

प्रश्न : लेखासोबतच्या फोटोत लंगोट घातलेलं पिल्लू एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं दिसतं. अशी पिल्लं केंद्रात येतात तरी कुठून? त्यांना आयांनी टाकून दिलेलं असतं का?
— एक आजी, मिरज

आजी, ओरांगउटानची आई पिल्लू टाकत नाही. सहा-सात वर्षं ते तिच्याजवळ असतं. पहिली दोन-तीन वर्षं तर अंगावरच. रात्री ती झाडावर फांद्या वाकवून घरटं करते, त्यातही ते तिच्या कुशीत. माणसाला पिल्लू हवं असेल तर आधी तिला मारावं लागतं, कारण जिवंतपणी ती ते सोडत नाही. कधी शेतात शिरली म्हणून तिला मारतात आणि पिल्लू ‘सापडतं’. कधी पिल्लासाठीच मारतात. केंद्रात दाखल झालेल्या जवळजवळ प्रत्येक पिल्लामागे अशी एक मेलेली आई असते. आईला झाडावर मारलं तर पिल्लूही तिच्याबरोबर खाली आदळतं. म्हणजे हाती लागलेल्या पिल्लांइतकीच, किंवा त्याहून जास्त, हाती न लागलेलीही असणार.

मग ते कुणाच्या तरी घरी परसात साखळीला किंवा लाकडी खोक्यात राहतं. आमच्याकडे यायचं तेव्हा गळ्यातली नायलॉनची दोरी मांसात रुतलेली असायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, कारण डब्यातलं गोड घट्ट दूध आणि इन्स्टंट नूडल्स यांच्यावर काढलेले दिवस. एक्स-रे घेतला की छर्‍यांचे पांढरे ठिपके दिसायचे. पाळणार्‍यांना राग आलेला असायचा तो आमचाच. ‘आम्ही याला पोरासारखं वाढवलं’ असं ते म्हणायचे आणि ते खोटं नसायचं. पिल्लू लहान असेतोवर ते खरंच कुरवाळतात. सहा-सात वर्षांचं झालं, माणसाच्या कितीतरी पट ताकद आली, की पिंजरा येतो.

प्रश्न : मी आंबा-काजू बागायतदार आहे. लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर यांनी आमचं जगणं मुश्किल केलं आहे. केळी, नारळ, भाजीपाला, काही शिल्लक ठेवत नाहीत. मारलं तर गुन्हा. आणि तुम्ही परदेशात जाऊन त्यांच्या भाऊबंदांना बाटलीने दूध पाजता आणि त्याचे लेख आम्ही वाचायचे?
— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. तुमचा राग खोटा नाही आणि नुकसानभरपाईचे अर्ज कुठे अडकतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

कालिमंतानमधल्या शेतकर्‍याची तक्रार शब्दाशब्दाने तुमचीच आहे. त्याच्या अननसात, त्याच्या डुरियनच्या झाडावर ओरांगउटान येतो. तेलताडाच्या, म्हणजे पामतेलाच्या झाडाच्या, नव्या रोपाचा तर गाभाच उपसून खातो, मग ते रोप संपलंच. फरक आहे तो प्राण्यात. माकडीण वर्षा-दोन वर्षांनी विते. ओरांगउटानच्या मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होतं आणि दोन पिल्लांत सात-आठ वर्षांचं अंतर असतं. सस्तन प्राण्यांत याहून लांब अंतर कुणाचं नाही. सबंध आयुष्यात चार-पाच पिल्लं झाली तर खूप. त्यामुळे एखाद्या जंगलातल्या शंभर माद्यांपैकी वर्षाला एक जरी जास्तीची मारली गेली, तरी तिथली संख्या घसरणीला लागते. माकडांची संख्या अशी एकेका मादीच्या हिशेबावर उभी नाही.

जंगल तुटतं म्हणून ओरांगउटान संपतात, असं आपण सगळेच म्हणतो. ते अर्धंच आहे. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतले सुमारे १,४८,५०० ओरांगउटान नाहीसे झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने २०१८ मध्ये मांडला. त्यातले सर्वाधिक प्राणी तुटलेल्या जंगलातून गेले नाहीत. जिथे झाडं उभी आहेत, फार तर मधून लाकूड काढलं गेलं आहे, तिथून गेले. कारण मारणं. इंडोनेशियात १९९० पासून कायदा आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा कोटी इंडोनेशियन रुपियांचा दंड होता, पण खटला उभा राहणं विरळाच.

२०१९ च्या मार्चमध्ये इंडोनेशियाच्याच सुमात्रा बेटावर, आचे प्रांतात, सुबुलुस्सलाम भागात, एक मादी शेतात सापडली. अंगात एअरगनचे ७४ छर्रे. दोन्ही डोळ्यांत छर्रे गेल्याने ती आंधळी झाली. महिन्याभराचं पिल्लू सोबत होतं, ते दवाखान्यात नेताना वाटेत मेलं. तिचं नाव ‘होप’ ठेवलं गेलं. छर्रे मारणारी दोघं शाळकरी वयाची पोरं होती, त्यांना तुरुंग झाला नाही. मला त्या पोरांना तुरुंगात घालण्यात रसही नाही. एअरगन घरोघरी मिळते आणि ओरांगउटान बागेत शिरल्यावर फोन कुणाला करायचा ते ठाऊक नसतं, यात मात्र रस आहे. काही भागांत आता गावकर्‍यांची पथकं आहेत. बांबूची तोफ आणि मोठा आवाज करून ते प्राण्याला जंगलाकडे वळवतात. तुमच्या बागेसाठी हे उत्तर नाही हे मला कळतं. तुमच्या प्रश्नाला वेगळं उत्तर लागेल, आणि ते वनखात्याने द्यायचं आहे.

प्रश्न : पिल्लू बरं झालं की लगेच जंगलात का सोडत नाहीत? सात-आठ वर्षं केंद्रात ठेवून उलट ते माणसाळत नाही का?
— एक शिक्षिका, नाशिक

माणसाळतं. म्हणूनच सगळी व्यवस्था अशी करायची असते की माणूस हळूहळू त्याच्या आयुष्यातून मागे सरेल.

आधी विलगीकरण. नव्या पिल्लाला इतरांपासून निदान तीन महिने दूर ठेवतात. त्यांना आपले बहुतेक रोग होतात. सर्दी, क्षय, कावीळ-बी. ज्या घरात ते राहिलं तिथे कुणाला क्षय असेल तर ते पिल्लू तो घेऊन येतं. क्षयाची चाचणी ओरांगउटानमध्ये फसवी निघते, म्हणून एका चाचणीवर कुणी विसंबत नाही. त्वचेची, रक्ताची, छातीचा एक्स-रे, पुन्हा काही आठवड्यांनी तेच. आणि एक दुखणं असं, जे मी परळच्या कॉलेजात ऐकलंही नव्हतं. ओरांगउटानच्या गळ्यापासून छातीपर्यंत कातडीखाली हवेची मोठी पिशवी असते. नर त्यातून घुमणारी लांब साद घालतो. सर्दी चिघळली की नाकातला पू खाली या पिशवीत उतरतो. वरून प्राणी बरा दिसतो, खातोही, फक्त तोंडाला घाण वास येतो. दुर्लक्ष झालं तर तोच पू फुप्फुसात जातो. मग भूल देऊन पिशवी उघडायची, धुवायची, जखम कित्येक दिवस उघडी ठेवायची आणि ती जखम प्राण्याने स्वतः उकरू नये म्हणून राखण करायची. ओरांगउटानला टाके सोडवता येतात. पट्टी तर तो सहज सोडवतो. आमच्याकडचं एक पिल्लू स्वतःची सोडून झाली की शेजारच्या पिंजर्‍यातल्याची सोडायला हात लांब करायचं.

त्यानंतर वनशाळा. सकाळी सांभाळणार्‍या बाया पिल्लांना घेऊन केंद्राजवळच्या जंगलात जातात. या बहुतेक आसपासच्या गावांतल्या, दायाक या बोर्निओच्या मूळ रहिवासी समाजातल्या असतात. आईने झाडावर शिकवलं असतं ते सगळं इथे माणसाला जमिनीवरून शिकवायचं असतं, आणि तिथेच पंचाईत आहे. तीन-चार वर्षांच्या पिल्लाला झाडावर चढायची भीती वाटते. ते बाईच्या पायाला मिठी मारून बसतं. बाई फळ फांदीला बांधते, दोर लावते, हाका मारते. वाळवीचं वारूळ फोडून स्वतः चाखल्यासारखं करते. रबरी साप आणून किंचाळते, दूर पळते, म्हणजे पिल्लाला कळावं की हे घाबरायचं प्रकरण आहे. घरटं बांधणं हा सगळ्यात कठीण धडा. तिथे बाई हतबल असते, मग मोठी अनाथ पिल्लं कामी येतात. धाकटी थोरल्यांचं पाहून फांद्या वाकवतात, त्यावर बसतात, त्या सुटतात, पडतात, पुन्हा वाकवतात. जंगली ओरांगउटान तीनशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींचं काही ना काही खातो; कुठलं फळ कधी पिकतं, फळं नसताना कुठल्या झाडाची साल सोलायची, हे त्याने आईच्या पाठीवर बसून पाहिलेलं असतं. ते आम्हाला सगळं शिकवता येतच नाही.

मग नदीतली बेटं. ओरांगउटानला पोहता येत नाही, म्हणून नदी हेच कुंपण. मध्य कालिमंतानमधल्या पालांगकाराया शहराजवळच्या न्यारू मेंतेंग केंद्राने रुंगान नदीतली बेटं याच कामासाठी घेतली आहेत. होडीतून मचाणावर थोडं खाणं ठेवतात, उरलेलं प्राण्याने स्वतः शोधायचं. कोण रात्री घरट्यात झोपतो, कोण जमिनीवर, कोण माणूस दिसला की हात पसरून येतो, हे वहीत टिपलं जातं. हात पसरणारा पुढच्या यादीत येत नाही.

शेवटी खरं जंगल. इथे नियम कडक आहे आणि तो अनुभवातून आला. १९७३ मध्ये उत्तर सुमात्रात बुकित लावांगला दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ बायकांनी केंद्र सुरू केलं, तेव्हा सुटवलेले प्राणी तिथल्याच जंगलात, जंगली ओरांगउटानांच्या शेजारी सोडले जायचे. पुढे लक्षात आलं की माणसांचे रोग याच वाटेने रानात जाऊ शकतात, आणि जागेसाठी मारामार्‍या होतात त्या वेगळ्याच. १९९५ मध्ये इंडोनेशियाने बंदी घातली : जिथे जंगली ओरांगउटान आहेत तिथे पुनर्वसित प्राणी सोडायचे नाहीत. त्यामुळे जंगल चांगलं हवं, सुरक्षित हवं आणि शिवाय तिथले मूळचे ओरांगउटान पूर्वीच संपलेले असायला हवेत. अशी जागा मिळेपर्यंत न्यारू मेंतेंगमधल्या तयार झालेल्या प्राण्यांना कित्येक वर्षं थांबावं लागलं. २०१२ मध्ये ते केंद्र चालवणारी संस्था प्राणी सोडायला सुरुवात करू शकली, आणि तेव्हापासून तिच्या दोन केंद्रांतून मिळून पाचशेहून जास्त प्राणी जंगलात गेले. सोडायच्या प्राण्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली एक बारका ट्रान्समीटर बसवतात आणि माणसं पहाटेच्या घरट्यापासून रात्रीच्या घरट्यापर्यंत त्याच्या मागे चिखल तुडवत फिरतात. सोडलेल्या मादीला जंगलात पिल्लू झालं आणि तिने ते स्वतः वाढवलं, तर काम जमलं असं मी मानते. नुसता जिवंत राहिला हे पुरेसं नाही.

प्रश्न : माकडं स्वतःच स्वतःला औषध लावतात हे खरं आहे का? आमच्या सरांनी सांगितलं, पण वर्गात सगळे हसले.
— इयत्ता सातवी, सातारा

सरांचं बरोबर आहे, हसणार्‍यांना हे वाचून दाखव. सुमात्रातल्या सुआक बालिम्बिंग नावाच्या जंगलात राकुस हा नर राहतो. २०२२ च्या जूनमध्ये त्याच्या गालावर, उजव्या डोळ्याखाली मोठी जखम झाली होती, बहुतेक दुसर्‍या नराशी भांडून. त्याने ‘आकार कुनिंग’ या वेलीची पानं चावली, रस जखमेवर लावला, मग चोथा लेपासारखा थापला. तिथली माणसंही ती वेल औषध म्हणून वापरतात. काही दिवसांत जखम भरून आली. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ते छापलं. एक मात्र लक्षात ठेव : ओरांगउटान माकड नव्हे. त्याला शेपूट नसते. गोरिला, चिंपांझी, बोनोबो, गिबन आणि तू, सगळे बिनशेपटीच्या बाजूचे.

प्रश्न : पुण्याच्या प्राणिसंग्रहालयात लहानपणी मी ओरांगउटान पाहिल्याचं आठवतं. घरी कुणी विश्वास ठेवत नाही. तो कुठे गेला? त्याला बोर्निओला परत का पाठवलं नाही?
— एक वाचक, धनकवडी, पुणे

तुमची आठवण पक्की आहे. ती मादी होती, नाव बिन्नी. २००३ मध्ये तिला कात्रजहून भुवनेश्वरच्या नंदनकाननला हलवलं. अखेरच्या काळात देशातली ती एकमेव ओरांगउटान होती. २०१९ च्या मे महिन्यात, एकेचाळीस वर्षांची होऊन, ती तिथेच वारली.

परत का नाही पाठवलं? वर नाशिकच्या बाईंना लिहिलं ते वाचलंत तर अंदाज येईल. जन्मभर माणसांत राहिलेल्या पंचविशीच्या मादीला जंगलात सोडणं म्हणजे तिला उपाशी मारणं. शिवाय बोर्निओतल्या ओरांगउटानांच्याही तीन उपजाती आहेत आणि त्या मिसळू देत नाहीत. पूर्वी ही काळजी घेतली गेली नव्हती. तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यानात दुसर्‍या भागातल्या उपजातीच्या दोन माद्या सोडल्या गेल्या आणि त्यांची संकरित वंशावळ पुढे तिथे सापडली. बिन्नीसाठी करता आलं असतं ते एकच : सोबत मिळवून देणं. तेही झालं नाही. एकट्या प्राण्याला तिकीट काढून बघायची आपल्याला सवय आहे, एवढंच म्हणते.

प्रश्न : पामतेलामुळे ही जंगलं गेली म्हणतात. आम्ही दोघांनी घरात पामतेल बंद केलं. पण बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरांत तेच, साबणात तेच. मग उपयोग काय? आणि सोयाबीन चांगलं का?
— निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपला आहे. वर्षाला ऐंशी-नव्वद लाख टन, त्यातलं बरंच इंडोनेशिया आणि मलेशियाचं. फरसाण, खारी, वेफर, वनस्पती तूप, हॉटेलातली कढई, सगळीकडे ते आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल. ज्या घरात त्या लिटरवर दिवाळीचा फराळ झाला, त्या घराला मी जंगलाचं व्याख्यान देणार नाही.

आता सोयाबीन. तेलताड हेक्टरी साधारण साडेतीन टन तेल देतो. आपल्या लातूरकडे हेक्टरी टन-सव्वा टन सोयाबीन निघतं आणि त्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हेक्टरी दोनशे किलोच्या आगेमागे. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि ती कुठल्या तरी दुसर्‍या देशाच्या जंगलातून येईल. म्हणून सरसकट बहिष्काराच्या बाजूने मी नाही. झाड गुन्हेगार नाही. ते कुठे लावलं, हा प्रश्न आहे. आधीच उजाड झालेल्या जमिनीवर लावलं तर एक गोष्ट. दलदलीचं जंगल सुकवून लावलं तर दुसरी.

ती दलदल समजून घ्या. मध्य कालिमंतानमध्ये जमिनीखाली कित्येक मीटर अर्धवट कुजलेला पालापाचोळा आहे. ओला आहे तोवर सुरक्षित. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात, १९९५-९६ मध्ये, भातशेती करायची म्हणून दहा लाख हेक्टर दलदलीत हजारो किलोमीटर कालवे खणले. पाणी निघून गेलं, भात काही पिकला नाही, आणि उरली ती वाळलेली, पेट घेणारी जमीन. एल निनोच्या वर्षी ती जमिनीच्या आतून जळते. वर पाणी मारून विझत नाही. २०१५ मध्ये इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळलं. धूर असा की दुपारी दिवे लावावे लागायचे, आणि केंद्रातली पिल्लं खोकायला लागली की त्यांना न्यायचं कुठे हा प्रश्न, कारण सगळीकडे तोच धूर.

तुम्ही बँकेत होतात म्हणून सांगते. घरातली बाटली बदलण्यापेक्षा जास्त परिणाम घाऊक खरेदीदार करू शकतात. जंगल न तोडता काढलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी ‘आरएसपीओ’ नावाची संस्था २००४ पासून आहे. तिच्यात पळवाटा आहेत, पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी. युरोपातले खरेदीदार ते प्रमाणपत्र मागतात. आपले फारसे कुणी मागत नाहीत. तुमच्याकडे बिस्किट किंवा साबण कंपन्यांचे शेअर असतील, तर वार्षिक सभेत हा एक प्रश्न लेखी पाठवा. पन्नास भागधारकांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवावं लागतं.

प्रश्न : आम्ही दोघं मुलांना घेऊन बोर्निओला जायचं म्हणतो. पिल्लाला कडेवर घेऊन फोटो काढता येईल असं केंद्र सुचवाल का?
— एक दांपत्य, ठाणे

नाही. जिथे पिल्लू कडेवर देतात ते केंद्र नव्हे, दुकान आहे.

पण जरूर जा. मलेशियातल्या साबा राज्यात संडाकान शहराजवळ सेपिलोक हे पुनर्वसन केंद्र आहे. १९५० च्या दशकात बार्बरा हॅरिसन या बाईंनी सारावाकमध्ये जप्त केलेली पिल्लं स्वतःच्या घरी वाढवली, त्या कामातून ही कल्पना पुढे आली आणि १९६४ मध्ये सेपिलोक सुरू झालं. तिथे मचाणावर सकाळी आणि दुपारी खाणं ठेवतात, पाहुणे लांबून बघतात. रानात फळं भरपूर असली की एकही ओरांगउटान खाली येत नाही. तुमचे पैसे फुकट गेले असं वाटेल. तिथली माणसं मात्र त्या दिवशी खूश असतात. जवळच किनाबातांगान नदी आहे, तिथे होडीतून जंगली ओरांगउटान दिसू शकतात. इंडोनेशियात जायचं असेल तर पांगकालान बुनला विमानाने उतरून, कुमाईहून ‘क्लोतोक’ या लाकडी होडीने तांजुंग पुतिंगमध्ये जाता येतं. होडीतच झोपायचं, होडीतच जेवायचं. ओरांगउटानांच्या अभ्यासक बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१ मध्ये तिथे कॅम्प लीकी हा अभ्यासाचा तळ सुरू केला. मुलांना ही सफर जास्त आवडेल.

घरात कुणाला सर्दी असेल तर त्या दिवशी आत जाऊ नका. मास्क न्या. अंतर दहा मीटरच्या आत येऊ देऊ नका. तो जवळ आला तर तुम्ही मागे व्हा. आणि चिवड्याची पिशवी बॅगेत, बॅग चेन लावून, होडीतच ठेवा. त्यांना चेन उघडता येते.

प्रश्न : ‘ओरांगउटान दत्तक घ्या’ अशी जाहिरात बघून पैसे पाठवले. प्रमाणपत्र आणि फोटो आला. हे पैसे सत्कारणी लागतात का?
— एक वाचक, नागपूर

पिल्लाच्या दुधाला, औषधाला, बाईच्या पगाराला लागतात. चांगलं केंद्र असेल तर प्रामाणिकपणे लागतात. पण तुम्ही विचारताय ते बहुधा वेगळं आहे : यामुळे ओरांगउटान वाचतील का?

२००० ते २०१९ या काळात ओरांगउटान वाचवण्यासाठी जगभरातून शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. कुठल्या कामाने प्रत्यक्ष संख्या टिकली, हे काही शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये तपासलं. सर्वाधिक फायदा जंगल राखणं, गस्त घालणं आणि गावांत जाऊन लोकांशी बोलणं यांचा निघाला. सुटका आणि पुनर्वसन हे खर्चाच्या मानाने खाली. मी ज्या कामात माझी उमेदीची वर्षं घातली त्याबद्दल हे लिहिणं सोपं नाही, पण मला ते पटतं. दवाखाना बंद करा असं मी म्हणणार नाही. पिल्लू जप्त केल्यावर ते ठेवायला जागा नसेल तर पोलीस जप्तच करत नाहीत, म्हणजे केंद्राशिवाय कायदाही चालत नाही. शिवाय केंद्रात काम करणार्‍या बाईच्या घरात, तिच्या भावाच्या, दिराच्या घरात पुन्हा कुणी पिल्लू आणत नाही. हे हिशेबाच्या तक्त्यात धरतात की नाही कोण जाणे. पण पुढच्या वेळी पैसे पाठवाल तेव्हा ‘गस्तीसाठी’ असं लिहून पाठवा. गस्तवाल्याचा फोटो काही येणार नाही.

प्रश्न : नोकरीमुळे आसामात जोरहाटला असतो. इथे गिबन आहेत म्हणे. भारतात यांच्यासाठी कुणी काही करतं का?
— एक मराठी वाचक, जोरहाट

म्हणे काय, सकाळी लवकर उठून होल्लोंगापारला जा आणि ऐका. हुलॉक गिबन हा भारतातला बिनशेपटीचा वानर. नर-मादी मिळून गातात आणि ते किलोमीटरभर ऐकू येतं. ते अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी चहामळे, आणि मधून १८८७ ची रेल्वेलाईन. गिबन जमिनीवर उतरत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे लाईनच्या अलीकडची कुटुंबं अलीकडे आणि पलीकडची पलीकडे. रेल्वेने वरून लोखंडी पूल बांधून दिला होता, गिबनांनी तो नाकारला. झाडांच्या फांद्या वरून एकमेकींना मिळाव्या म्हणून दोन्ही बाजूंना लावलेली झाडं हा जास्त धीराचा उपाय.

अरुणाचलात देलो गावाजवळ तर भोवतालचं रान तुटून गिबनांची कुटुंबं शेतांमधल्या चार-दोन झाडांवर अडकली होती. त्यांना पकडून मेहाओ अभयारण्यात नेऊन सोडलं गेलं. आणि हेही बघत राहा : २०२१ पासून ईशान्येकडे तेलताड लावायची मोठी सरकारी योजना चालू आहे. डोंबिवलीच्या काकांना लिहिलेलं तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या चौथ्या वर्षाला आहे. मला तुमच्यासारखं काम करायचं आहे. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, परभणी

आधी इथलं काम कर. नागपूरला गोरेवाड्याचं वन्यप्राणी बचाव केंद्र आहे, काझीरंगाजवळ २००२ पासून चालणारं वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे; इंटर्नशिपसाठी दोन्हीकडे अर्ज टाक. बिबट्याला भूल देताना हात थरथरणं थांबलं की मग माकडांकडे वळ. फुंकनळीने इंजेक्शन मारायचा सराव पुठ्ठ्याच्या खोक्यावर घरीही होतो. शवविच्छेदनाचा तास बुडवू नकोस; केंद्रात जो प्राणी मरतो तोच पुढच्या दहा प्राण्यांना काय झालंय ते सांगतो.

परदेशी केंद्रांत फी भरून ‘स्वयंसेवक’ म्हणून जायच्या जाहिराती दिसतील. त्यात तुला शिकायला फार कमी मिळेल. चांगल्या केंद्रांत पशुवैद्याच्या जागा थोड्या असतात आणि त्या स्थानिक डॉक्टरांना आधी मिळतात, मिळायलाच हव्यात. त्यामुळे तुझ्याजवळ त्यांना नसलेलं काहीतरी हवं : क्षयाचं निदान, भूलशास्त्र किंवा प्रयोगशाळेतलं काम, यातलं एक नीट शिकून घे. इंडोनेशियाची भाषा वर्षभरात कामापुरती येते, व्याकरण सोपं आहे. सांभाळणार्‍या बायांशी तिच्याशिवाय बोलता येत नाही, आणि पिल्लू सकाळपासून जेवलं नाही हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं.

क्षयाची स्वतःची तपासणी आणि छातीचा एक्स-रे तुला अर्जासोबत मागतील. कावीळ-बीची लस घेतली नसशील तर या आठवड्यात पहिला डोस घे. तिन्ही डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात.